डाव्या खांद्याची रायफल

चाचा, पुण्याच्या त्या बंदूकवाल्याचा आज सकाळी पुन्हा मेसेज आला. रायफल बाजूला काढून ठेवली आहे, दुसरं एक गिऱ्हाईक मागतंय, चाचा नक्की कधी येतात ते कळवा. मी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला, चहा टाकला, आणि उकळलेला चहा तसाच सोडून खाली गाडीत जाऊन बसलो. गाडीत बसलो तर सीटा तुम्ही शिवलेल्या. म्हणून पुन्हा वर आलो.

कळवा म्हणे. काय कळवू मी त्याला? तुम्ही गुरुवारी गेलात. अजून माझं मलाच नीट कळलेलं नाही.

घरात बसवत नाही. बायको म्हणते, जरा बाहेर जाऊन ये. बाहेर गेलो की पाय जेद्दातल्या अझीझियाच्या त्याच गल्लीत वळतात. तुमच्या दुकानाचं शटर खाली, समोर कुणाची तरी टॅक्सी लावलेली. शेजारचा पाकिस्तानी न्हावी विचारतो, "चाचा के बग़ैर कैसे चलेगा, भाई?" मी पुढे निघतो. दोन चौक गेले की वळून परत त्याच गल्लीत.

तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होतो. आत येऊ नको असं कुणी म्हणालं नाही. पण आत सगळे ओळीत उभे राहिले असते आणि मला हात कुठे ठेवायचे तेही कळलं नसतं, म्हणून बाहेर थांबलो. इम्तियाज बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला माती होती. मला मिठी मारून म्हणाला, "आटपलं सगळं, दादा." मला त्याचा राग आला. तुमचा एकुलता एक मुलगा, बिचारा रडून लाल झालेला, आणि मला राग आला, कारण आपलं काहीच आटपलं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं.

हो, भांडणच. तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून द्यायचात, "हा आमचा नाशिकचा इंजनेर. पंप थरथरला की याला पगार मिळतो." काम माझं तेच, प्लांटवर यंत्रांची कंपनं मोजायचं. तुमचं काम मोटारींच्या सीटा शिवायचं. रायफलीशी आपला दोघांचाही पोटापाण्याचा संबंध नव्हता. तरी गेले सात-आठ महिने आपण दुसरं काही बोललोच नाही.

सुरुवात दवाखान्यात झाली. तुम्ही दुकानात शिवणयंत्रावरच चक्कर येऊन पडलात, आणि हृदयाचे ठोके मधेच थांबतात म्हणून पेसमेकर बसवायचं ठरलं. डॉक्टर मिसरचा, गोड माणूस. त्याने तुम्हाला साधा प्रश्न विचारला, तुम्ही कोणता हात वापरता? मशीन दुसऱ्या बाजूला बसवायची असते. तुम्ही उजवा हात वर केलात आणि ठणकावून सांगितलंत, "यमीन." मी आणि इम्तियाजने माना डोलावल्या. खोटं काहीच नव्हतं. जेवता उजव्याने, लिहिता उजव्याने, सुई उजव्यात, कात्री उजव्यात. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की आई त्यावर उलथनं ठेवून द्यायची, हे तुम्हीच सांगितलेलं.

मशीन डाव्या बाजूला बसली. घरी सोडताना डॉक्टर पथ्यं सांगू लागला. डावा हात काही दिवस वर उचलायचा नाही, फोन उजव्या कानाला, त्या जागेवर मार बसता कामा नये. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शांतपणे विचारलंत, "और बंदूक?" डॉक्टर हसला. तुम्ही हसला नाहीत. मग तुम्ही उभे राहिलात, हातात नसलेली बंदूक उचललीत आणि दस्ता टेकवलात तो डाव्या खांद्याला. बरोब्बर मशीनवर.

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, मग विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, तू हाताचं विचारलंस, खांद्याचं कुठे विचारलंस. इम्तियाजने कपाळाला हात लावला. मी बाहेर जाऊन पोट धरून हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

कारण ते गावाचं मला ठाऊक होतं. म्हसळ्याच्या बाजूला डोंगरउतारावर तुमची भातखाचरं आणि वर नाचणीचा तुकडा. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि सकाळी शेत रेड्यांची झुंज झाल्यासारखं. वाडीतल्या एकेकाने कंटाळून शेती सोडली. पीक राखायचा परवाना त्या सबंध वाडीत तुमच्या एकट्याच्या नावावर. इम्तियाजचं म्हणणं, अब्बांनी आता परवाना जमा करावा आणि इथे जेद्दात फ्लॅटवर आराम करावा. तुमचं म्हणणं, कफीलला, म्हणजे व्हिसाच्या इथल्या जामीनदाराला, सांगून फायनल एग्झिट घ्यायची, कायमचं गावी जायचं, वनखात्याची परवानगी काढायची आणि स्वतःच्या बांधावर बसायचं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला हवा आणि दाखल्याला खांदा हवा. म्हणजे रायफल जमली तर गाव, नाही जमली तर इम्तियाजच्या फ्लॅटमधला सोफा. तुम्ही मला हे इतक्या स्पष्ट शब्दांत एकदाच सांगितलंत. म्हणालात, "त्या सोफ्याची सीट मीच भरलीय, इंजनेर. लय मऊ हाय. त्याच्यावर बसला मानूस उठत नाय."

मग सुरू झाली बंदुकीची शोधाशोध. परवान्यावरची तुमची बारा बोरची एकनळी हलकी म्हणून चाचीची लाडकी. म्हातारा माणूस, हलकी बंदूक बरी, असं त्यांचं साधं गणित. तुमचंही तेच. मी सांगून सांगून थकलो की बंदूक जितकी हलकी तितकी लाथ जोरात. काडतूस तेच, जोर तोच, मग वजन कमी असेल तर धक्का कुठे जाणार? तुम्ही म्हणायचात, तुझा पंप तसा असंल. एकदा मी वैतागून तुमच्याच दुकानात, आधी रिकाम्या आणि मग फोम भरलेल्या खोक्याला लाथ मारून दाखवली. रिकामं खोकं थेट रस्त्यात गेलं आणि एका गाडीखाली सापडलं. तुम्ही मान्य केलंत, पण माझ्याकडे न बघता.

मग रोज संध्याकाळी माझ्या घरी आपली बैठक. मी फोनवर त्या अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या गप्पा शोधून काढल्या. तिथे सगळे म्हातारे. कुणाचा खांदा बदललेला, कुणाला संधिवात, कुणाच्या छातीत तुमच्यासारखीच मशीन. सगळ्यांचा प्रश्न एकच, हरणासाठी कमी धक्क्याची आणि खिशाला परवडणारी रायफल कोणती? मी मराठीत वाचून दाखवायचो आणि तुम्ही त्यांना नावं ठेवायचात. एकाने लिहिलं होतं की बायको म्हणते आता पुरे, तर तुम्ही आत माझ्या बायकोशी बोलत बसलेल्या चाचीला हाक मारून ते पुन्हा वाचायला लावलंत. हरणांचं निघालं की मात्र चेष्टा थांबायची. लहानपणी बापाच्या मागून भेकरामागे हिंडलात, मग कायदा आला आणि ते बंद झालं. बंद झालं ते बरंच झालं, म्हणायचात, भेकराने कुणाचं काय खाल्लं?

माझी मुलगी एकदा अभ्यास सोडून आली आणि तिने तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "चाचाजी, ये लीगल है क्या?" तुम्ही रागावला नाहीत. फोनमधला परवान्याचा फोटो काढून तिला सगळे शिक्के दाखवलेत, वनखात्याची परवानगी कशी मिळते तेही सांगितलंत, आणि ती पटलं म्हणून गेल्यावर मला म्हणालात, ही वकील होणार, हिला पंपाजवळ जाऊ देऊ नको.

अमेरिकेतले म्हातारे ज्या टू-फोर्टी-थ्री बोरच्या रायफलीचं कौतुक करायचे ती आपल्याकडे सापडेना, आणि एक सापडली तर तिच्या गोळ्यांचा भाव ऐकून तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. पॉइंट टू-टूला धक्का जवळजवळ नाहीच, म्हणून मी ती सुचवली. त्यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर खरोखर चिडलात. त्या गोळीने डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होतं. जखमी डुक्कर रानात शिरतं आणि सकाळी लाकडं आणायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. "मारायचा तर नीट मारायचा, नायतर हात लावायचा नाय," एवढं बोलून तुम्ही चप्पल घालून निघून गेलात. चहा तसाच राहिला.

शेवटी आपण दोघेही आलो तीनशे पंधरा बोरवर. सरकारी कारखान्यातली, वजनाला भरपूर, गोळ्या देशात मिळणाऱ्या, किंमत आवाक्यातली, आणि धक्का बारा बोरपेक्षा कमी. परवान्यात बदल करून घ्यावा लागणार होता, त्याची तुमची तयारी होती. पुण्याच्या दुकानदाराशी तुम्ही स्पीकरवर तासभर घासाघीस केलीत. मला वाटलं, संपलं.

कसलं संपतंय? रायफल ठरली, खांदा ठरेना.

डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, उजव्या खांद्यावरून चालव, मी लिहून देतो. डाव्यावरून नाही. मलाही ते सरळ दिसत होतं. शिवाय गोळी भरताना ओढायचा तिचा बोल्टसुद्धा उजव्या बाजूला. डाव्या खांद्यावर धरली तर प्रत्येक गोळीला हात वरून पलीकडे न्यायचा. पण तुम्ही हट्टाला पेटलात. दुकानात बसून रायफलीच्या दस्त्याला लावायची गादी शिवायला घेतलीत. तीन थरांचा फोम, वर गाडीच्या सीटचं चामडं, दुहेरी टाका. सुंदर शिवली होती, खरं सांगतो. पण एवढी जाड की दस्ता वीतभर लांबला असता आणि तुमचा हात घोड्यापर्यंत पोचला नसता. मी तसं म्हणालो. तुम्ही एक थर काढलात. मी म्हणालो, अजून जाड आहे. तुम्ही ती गादी उचलून कचऱ्यात टाकलीत आणि दुपारभर गिऱ्हाइकांशी अरबीतच बोललात, माझ्याशी नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या घरी मी तुमच्या हातात पडद्याचा दांडा दिला आणि म्हटलं, एकदा उजव्या खांद्याला लावून बघा, माझ्यासाठी. लावलात. आणि तुमचा चेहरा पडला. तुमचा डावा डोळा मिटेना. उजवा मिटतो, झटकन मिटतो, सगळं आयुष्य तोच मिटत आलात. डावा मिटायला गेलात की दोन्ही मिटायचे. दोन-तीनदा प्रयत्न केलात, मग दांडा भिंतीला टेकवून ठेवलात.

"इंजनेर," तुम्ही म्हणालात, "जेवायला उजवा दिला, लिवायला उजवा दिला. शिवायला बी दिला. एक रान माजा डावा होता. तेवढा ऱ्हाऊ दे की."

यावर मी काय बोलायला हवं होतं, हा विचार मला आता झोपू देत नाही. तेव्हा मी कंपनांचं गणित सांगितलं. धक्का किती, मशीनच्या तारा कुठून जातात, तार हलली तर काय होतं. बरोबर होतं सगळं. आजही बरोबरच आहे. तुम्हाला ते कळत नव्हतं असंही नाही. तुम्ही म्हणालात, खांदा माझा, मशीन त्यांची. मी म्हणालो, मशीन त्यांची असली तरी चाचा आमचे. तुम्ही हसलात आणि विषय बदललात. त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी हेच चाललं, आणि शेवटच्या संध्याकाळीही मला वाटलं, सुट्टीच्या शुक्रवारी निवांत बोलू. इतकी वर्षं शुक्रवार कधी चुकला होता?

गुरुवारी डोक्यातली नस फुटली. डॉक्टर म्हणाले, मशीन अगदी ठीक होती, शेवटपर्यंत. हे त्यांनी आम्हाला धीर द्यायला सांगितलं असावं. मला कॉरिडॉरमधली खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. ज्या मशीनपायी मी तुमचं रान काढून घ्यायला बसलो होतो ती ठणठणीत, आणि तुम्ही नाही. मग आपण का भांडत होतो, चाचा? एक संध्याकाळ तरी गप्प बसून तुम्हाला त्या डोंगराबद्दल बोलू दिलं असतं. डुकरं कोणत्या वाटेने उतरतात, वारा कुठून आला की बसायचं कुठे, हे तुम्ही सांगायला लागायचात आणि मी मधेच म्हणायचो, ते राहू द्या, आधी खांद्याचं बोला.

आणि तरी मला वाटत नाही की मी चुकीचा होतो. हेच तर चैन पडू देत नाही. चुकलो असतो तर माफी मागून मोकळा झालो असतो. आई गेल्यानंतर इतक्या हक्काने माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. परदेशात सगळे आपल्याशी नीट वागतात, चाचा, पण हक्काने रागावणारं कुणी भेटत नाही. तुम्ही मला दिलेली ही चैन होती आणि मी ती रोज संध्याकाळी चहाबरोबर घेत होतो. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, जास्त गोड बोलू नको, सीटचे पैसे कमी होणार नाहीत.

दुपारी अखेर पुण्याला फोन केला. म्हटलं, चाचा येत नाहीत, रायफल त्या दुसऱ्या माणसाला द्या. तो म्हणाला, अरेरे, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणालो. मेले हा शब्द तोंडातून निघेना. फोन ठेवल्यावर वाटलं की तुमचा परतीचा रस्ता मीच बंद केला. मग बसवेना म्हणून तुमच्याच घरी गेलो.

चाची बाहेरच्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. मला बघून उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. इम्तियाजने खुर्ची दिली, मी बसलो नाही. चाचींना म्हटलं, रायफल नको म्हणून कळवलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या की तुला एक विचारायचं आहे, यातलं मला काही समजत नाही आणि इम्तियाजला विचारलं तर तो रडतो.

त्यांनी सांगितलं ते असं. गेला महिनाभर तुम्ही पहाटे फजरची नमाज झाली की गच्चीवर जायचात. चाचींना वाटलं फिरायला जाता. एक दिवस वाळत घातलेले कपडे काढायला त्या वर गेल्या तर तुम्ही डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून उभे, हातात झाडूचा दांडा, आणि दांडा उजव्या खांद्याला. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर नेम. चाची घाबरल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, इंजनेरला सांगू नको, फार चढेल तो. मग रोज त्याही वर यायच्या आणि जिन्याच्या पायरीवर बसून तुम्हाला बघायच्या. पहिल्यांदा दांडा हलायचा. नंतर नंतर हलेनासा झाला. बुधवारी तुम्ही रुमाल सोडून घामाघूम पायरीवर त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "मरियम, बॅगा काढ. हा खांदा बी आता माजा झाला."

एवढं सांगून चाचींनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "जमत होतं ना त्यांना? का मला बरं वाटावं म्हणून बोलले?"

मी तुम्हाला उजव्या खांद्यावर एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा जमलं नव्हतं. पण तुम्ही कच्चा टाका घालून सीट गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली मी कधी पाहिली नाही. मी म्हटलं, "जमत होतं, चाची. जमल्याशिवाय बॅगा काढ म्हणाले नसते."

त्या आत गेल्या. मी जिना चढून तुमच्या गच्चीवर गेलो. टाकी होती समोर, पांढरी. मी बराच वेळ तिथे येरझारा घातल्या. तुम्ही माझं ऐकलं होतं, चाचा. महिनाभर रोज ऐकत होतात आणि रोज संध्याकाळी माझ्याशी भांडायला येत होतात.